थंडीवर उभे असलेले गाव

उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशाविषयी शाळांमध्ये बोलायला गेलो, की आम्हांला प्रश्नांपेक्षा उत्तरेच जास्त ऐकायला मिळतात. तिथे सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते. लोक बर्फाच्या घुमटाकार घरांत राहतात. बारा महिने पुरुषभर बर्फ साचलेला असतो. पांढरी अस्वले गल्लीबोळांतून हिंडतात. गेल्या काही वर्षांत या यादीत एक नवी भर पडली आहे. तिकडच्या एका गावात मरायला कायद्याने बंदी आहे म्हणे!

गंमत अशी, की यांतले एकही विधान निव्वळ हवेतून आलेले नाही. प्रत्येकाच्या मुळाशी खऱ्याचा एक कण आहे आणि त्यावर कल्पनेची पुटे चढली आहेत. अशी माहिती नुसती 'चूक' म्हणून खोडली तर विद्यार्थ्याच्या हाती काहीच उरत नाही. तो खरा कण कोणता, हे शोधावे लागते. त्यासाठी आपण एक खरेखुरे गाव घेऊ आणि तिथले रोजचे जगणे जरा विज्ञानाच्या अंगाने पाहू.

गाव कुठे आहे?

नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरून ध्रुवाच्या दिशेने निघाले, की साधारण अर्ध्या वाटेवर स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह लागतो. क्षेत्रफळ सुमारे ६१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक पंचमांश. त्यातला निम्म्याहून अधिक भाग हिमनद्यांखाली आहे. इथले मुख्य गाव लाँगियरब्येन. अक्षांश ७८ अंश १३ मिनिटे उत्तर, वस्ती सुमारे अडीच हजार. जॉन मनरो लाँगियर या अमेरिकी उद्योजकाच्या कंपनीने १९०६ मध्ये कोळशाच्या खाणीसाठी ते वसवले. नावाचा अर्थ 'लाँगियरचे गाव'. आपल्याकडे किर्लोस्करवाडी, तसेच हे.

म्हणजे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मूळ रहिवासी कधी नव्हतेच. हिमाचे घुमट बांधणारे इनुइट लोक कॅनडाच्या उत्तर भागातले आणि ग्रीनलंडचे. त्यांच्यातही असे घुमट मुख्यतः शिकारीच्या दिवसांतला तात्पुरता निवारा होते. त्यांच्या भाषेत 'इग्लू' म्हणजे कोणतेही घर. लाँगियरब्येनमध्ये लाकडी घरे आहेत, शाळा आहे, रुग्णालय आहे, ताजी भाजी मिळणारे मोठे दुकान आहे, १९९३ पासून विद्यापीठ केंद्र आहे. समुद्रतळावरून टाकलेल्या प्रकाशतंतूंच्या केबलने २००४ पासून हे गाव जगाशी जोडलेले आहे. नॉर्वेजियनांच्या खालोखाल इथे थायलंड आणि फिलिपाइन्समधून आलेल्यांची संख्या मोठी आहे. १९२० च्या पॅरिस करारानुसार स्वालबार्डवर नॉर्वेचे सार्वभौमत्व आहे, पण इथे राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. त्या करारावर ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून भारताचीही सही आहे.

दुसऱ्याच्या घरात शिरताना जोडे दारात काढायचे, ही आपली रीतही इथे पाळली जाते. अगदी काही हॉटेलांत आणि संग्रहालयातसुद्धा. खाणीतला कोळसा पायांबरोबर घरात येऊ नये म्हणून ती पडली. गावाजवळची शेवटची खाण २०२५ मध्ये बंद झाली. रीत मात्र राहिली.

रात्र किती महिन्यांची?

सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र हे वर्णन फक्त प्रत्यक्ष ध्रुवबिंदूला लागू पडते, आणि तिथे कुणी वस्ती करून राहत नाही. इतर ठिकाणांचा हिशेब फळ्यावर करता येतो. माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असेल, हे काढण्यासाठी ९० मधून अक्षांश वजा करायचे आणि त्यात सूर्याची त्या दिवशीची क्रांती मिळवायची. २२ डिसेंबरला क्रांती उणे २३.४ अंश असते.

मुंबईचे अक्षांश १९. म्हणून ९० − १९ − २३.४ = ४७.६ अंश. हिवाळ्यातही सूर्य चांगला वर येतो. नॉर्वेच्या उत्तर भागातील ट्रोम्सो शहरासाठी (अक्षांश ६९.६) उत्तर येते उणे ३ अंश. सूर्य उगवत नाही, पण क्षितिजाच्या जेमतेम खाली असतो. सूर्य सहा अंशांपेक्षा खाली जाईपर्यंत बाहेरचे व्यवहार दिव्याविना करता येण्याइतका संधिप्रकाश मिळतो. त्यामुळे ट्रोम्सोच्या 'रात्रीत' दुपारी काही तास निळसर उजेड असतो. लाँगियरब्येनसाठी (७८.२) उत्तर येते उणे ११.६. इथे मात्र भर दुपारीही अंधार. सूर्य न उगवण्याचे दोन प्रकार एकाच सूत्रातून निघतात, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखे आहे.

आता वर्षाचा ताळेबंद मांडू. लाँगियरब्येनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. २० एप्रिलच्या सुमारास तो जो वर राहतो, तो २२ ऑगस्टच्या आसपासच पुन्हा मावळतो. मधल्या दिवसांत सूर्य आपल्यासारखाच उगवतो आणि मावळतो, पण घाई फार. फेब्रुवारीच्या मध्यापासून २० एप्रिलपर्यंत, म्हणजे सुमारे ६४ दिवसांत, दिवस शून्य तासांवरून २४ तासांवर जातो. रोज सरासरी बावीस-तेवीस मिनिटांची वाढ! मुंबईत डिसेंबर ते जून या सहा महिन्यांत दिवस मिळून सव्वादोन तासांच्या आसपास वाढतो. रोजचा हिशेब मिनिटभरही भरत नाही.

शास्त्रानुसार सूर्य फेब्रुवारीच्या मध्याला वर येत असला, तरी गावात त्याचा उत्सव साजरा होतो ८ मार्चच्या सुमारास. हे तीन आठवडे कुठे गेले? नकाशा पाहिला तर उत्तर सापडते. गाव खिंडीसारख्या दरीत आहे आणि दक्षिणेला डोंगर आहेत. सूर्य डोंगरमाथ्यावर येईपर्यंत गावाला तो दिसत नाही. जुन्या रुग्णालयाच्या राखून ठेवलेल्या पायऱ्यांवर पहिले ऊन पडते आणि ते पाहायला सारे गाव जमते.

रोजचे व्यवहार सूर्यावर नव्हे, घड्याळावर चालतात. हिवाळ्यात मुले चकाकत्या पट्ट्यांची जाकिटे आणि डोक्याला दिवे लावून शाळेत जातात, उन्हाळ्यात झोपण्यासाठी खिडक्यांना जाड काळे पडदे लावतात. वर्षभराची बेरीज केली तर त्यांच्या वाट्याला येणारे दिवसाचे तास आपल्यापेक्षा कमी नाहीत. फक्त ते एकगठ्ठा येतात.

तास सारखे असूनही थंडी का? कारण ऊन तिरपे. भर उन्हाळ्यातही तिथला सूर्य ३५ अंशांच्या वर जात नाही. आपल्याकडे सकाळी साडेआठ-नऊला तो तेवढा वर असतो. शिवाय हिम आणि बर्फ त्यातले बरेचसे ऊन परत पाठवून देतात.

जितके उत्तरेला तितके थंड?

हाही एक सरधोपट समज. सायबेरियातील वेर्खोयान्स्क लाँगियरब्येनपेक्षा दहा अंशांहून अधिक दक्षिणेला आहे. तिथले जानेवारीचे सरासरी तापमान उणे ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. लाँगियरब्येनमधले फेब्रुवारीचे सरासरी तापमान १९६१ ते १९९० या काळात उणे १६ च्या जवळपास होते, आणि १९९१ ते २०२० या काळात उणे ११ च्या आसपास.

असे का, तर वेर्खोयान्स्क खंडाच्या आत आहे आणि स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याशी अटलांटिकमधून वर येणारा उबदार पाण्याचा प्रवाह पोचतो. पाण्याची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता जमिनीपेक्षा पुष्कळ जास्त असते. किनाऱ्यावरच्या रत्नागिरीची आणि आतल्या नागपूरची थंडी वेगळी का, याचे जे उत्तर, तेच इथेही.

'पुरुषभर बर्फा'चेही तसेच. गावाच्या विमानतळावर वर्षाकाठी पाऊस आणि हिम मिळून पडणारे पाणी सुमारे २०० मिलिमीटर भरते. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. भूगोलाच्या व्याख्येने हे गाव वाळवंटातच मोडेल! तीस अंशांची संपृक्त हवा दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरते. उणे पंधरा अंशांची हवा जेमतेम दीड ग्रॅम. मुळात आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? मग चित्रांत दिसणारे ते सारे हिम? थोडेच पडते, पण ते महिनोन्‌महिने वितळत नाही, आणि वारा ते उडवून नेऊन खोलगट जागी व उतारांवर रचतो. हा वाऱ्याचा भाग पुढे आपल्याला लागणार आहे.

मरायला बंदी?

असा कोणताही कायदा नाही. खरी गोष्ट अशी, की गावातल्या जुन्या दफनभूमीत शवपेट्या पुरणे १९५० च्या सुमारास थांबवण्यात आले. अस्थिकलश पुरता येतो, पण परवानगी घेऊन. गावात वृद्धांच्या शुश्रूषेची सोय नाही, म्हणून थकलेली माणसे मुख्य भूमीवर परततात. बाळंतपणासाठीही स्त्रिया काही आठवडे आधीच तिकडे जातात. या सगळ्याचे 'मरायला बंदी' झाले.

पण शवपेट्या का नकोत? इथे त्या प्रदेशाच्या गाभ्याला हात लागतो.

स्वालबार्डची जमीन आत शेकडो फूट खोल गोठलेली आहे आणि वर्षानुवर्षे तशीच राहते. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. आपण 'चिरगोठीत जमीन' म्हणू. उन्हाळ्यात तिचा फक्त वरचा मीटरभर थर वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. पाणी गोठताना नऊ टक्के प्रसरण पावते हे आपण शिकवतो, पण इथे त्याहून मोठी गोष्ट घडते. गोठणाऱ्या थराकडे खालचे ओले पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून खेचले जाते आणि बर्फाच्या चकत्या जाड होत जातात. माती वर उचलली जाते, तिच्याबरोबर दगड, खांब, पेट्याही उचलल्या जातात. वितळताना त्यांच्याखालच्या पोकळीत माती शिरते आणि त्या पुन्हा मूळ जागी बसत नाहीत. वर्षाला थोडे थोडे करत पुरलेली वस्तू वर येऊ लागते.

१९१८ च्या फ्लूच्या साथीत मेलेल्या सात तरुण खाणकामगारांची थडगी याच दफनभूमीत आहेत. १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी ती उघडली. खोल गोठलेल्या थरात विषाणू शाबूत सापडेल अशी आशा होती. प्रत्यक्षात शवपेट्या सापडल्या त्या वरच्या, दरवर्षी वितळणाऱ्या थरात.

घरे खांबांवर का?

अशा जमिनीवर घर कसे बांधायचे? गावातली घरे खांबांवर उभी आहेत. खांब खाली चिरगोठीत थरात रोवलेले असतात आणि घराच्या जोत्याखाली मोकळी जागा सोडलेली असते. पाहणाऱ्याला वाटते, हिमापासून घर वाचवायला हे केले असेल. हेतू उलट आहे. घराच्या उबेपासून जमीन वाचवायची आहे! घर थेट जमिनीवर टेकले तर त्याची ऊब खाली झिरपेल, बर्फ वितळेल आणि घर कलेल. मोकळ्या जागेतून थंड वारा वाहत राहिला, की खालची जमीन दगडासारखी राहते. पाण्याचे आणि गरम पाण्याने घरे तापवण्याचे नळही याच कारणाने जमिनीवरून, वेष्टन घालून नेलेले असतात.

आता आपण मुळातल्या गैरसमजाशी आलो. थंडी हा तिथल्या माणसाचा शत्रू, आणि तो तिच्याशी झुंजत कसाबसा जगतो, असे चित्र आपल्या मनात असते. अंगापुरते ते खरे आहे. पण लोकरीचे दोन-तीन थर आणि वर वारा अडवणारे जाकीट घातले की तो प्रश्न बराचसा सुटतो. गाव मात्र थंडीवर उभे आहे. गोठलेली जमीन हा त्याचा पाया. गावाबाहेर एका वस्तीतून दुसरीकडे जायला रस्ते नाहीत. हिवाळ्यात गोठलेल्या दऱ्या आणि खाड्या हाच रस्ता, आणि त्यावर धावते ती स्नोमोबिल. तिथला माणूस धास्तावतो तो भलत्या वेळी आलेल्या उबेने.

धोका कशाचा?

अस्वलांचे पाहा. गावाबाहेर जाताना अस्वलाला पळवून लावण्याचे साधन जवळ ठेवणे बंधनकारक आहे, आणि बहुतेक जण बंदूकही घेतात. गावात मात्र भरलेली बंदूक बाळगायला मनाई आहे. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांत अस्वलांच्या हल्ल्यात साऱ्या स्वालबार्डमध्ये सहा माणसे दगावली. १९ डिसेंबर २०१५ च्या सकाळी वादळाने डोंगराच्या उतारावर रचलेले हिम खाली आले. त्या एका घसरणीत अकरा घरे मोडली आणि दोघांचा जीव गेला. अस्वलाची भीती सर्वांना ठाऊक असते. घरामागच्या उताराची भीती गावाला तेव्हा नव्याने शिकावी लागली. नंतर उतारावर हिम अडवणारी कुंपणे उभारली गेली आणि अनेक कुटुंबांना जागा सोडावी लागली.

१९७१ ते २०१७ या काळात स्वालबार्डचे सरासरी तापमान ३ ते ५ अंशांनी वाढले. हिवाळ्यातली वाढ सर्वांत जास्त. समुद्रावरचा पांढरा बर्फ कमी झाला, की गडद पाणी उघडे पडते, ते ऊन शोषते आणि हिवाळ्यात हवेला उष्णता देते. त्याने बर्फ आणखी कमी होतो. गाव ज्या मोठ्या खाडीच्या काठी आहे तिचे नाव इस्फ्योर्ड, म्हणजे बर्फाची खाडी. २००६ पासून हिवाळ्यातही ती पूर्वीसारखी गोठत नाही. २५ जुलै २०२० रोजी गावाच्या विमानतळावर २१.७ अंश तापमान नोंदले गेले. तिथल्या मानाने तो वैशाखवणवाच.

हिवाळ्यात कधी कधी हिमाऐवजी पाऊस पडतो. आपल्याला वाटेल, बरेच झाले. पण ते पाणी जमिनीवर गोठून काचेसारखा थर होतो. रेनडिअर हिम उकरून खालचे गवत आणि शेवाळ खातात. काच त्यांना फोडता येत नाही, आणि ते उपाशी मरतात.

आपला काय संबंध?

संबंध दोन प्रकारचे. लाँगियरब्येनच्या उत्तरेला नी-ऑलेसुंड या संशोधकांच्या वस्तीत भारताचे 'हिमाद्री' हे केंद्र २००८ पासून आहे. गोव्यातील वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ते चालवते. २०१४ मध्ये तिथल्या खाडीत पाण्याखाली मापनयंत्रांची साखळी सोडण्यात आली, आणि २०२३ च्या डिसेंबरपासून भारतीय संशोधक हिवाळ्याच्या अंधारातही तिथे काम करू लागले.

दुसरा संबंध थेट आपल्या ताटाशी आहे. लाँगियरब्येनजवळच्या डोंगरात २००८ मध्ये जागतिक बियाणे-भांडार उघडले. युद्ध, पूर, आग अशा कारणांनी एखाद्या देशातला बियाण्यांचा साठा नष्ट झालाच, तर प्रत इथे असावी, ही कल्पना. बियाणे उणे १८ अंशांना ठेवतात. यंत्रे बंद पडली तरी भोवतालची जमीन गोठलेलीच राहील, हा जागा निवडण्यामागचा विचार. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आणि भुईमूग यांच्या वाणांची बियाणी तिथे ठेव म्हणून पाठवली आहेत. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ऊब आणि पाऊस यांमुळे भांडाराच्या प्रवेशबोगद्यात पाणी शिरले. बियाण्यांना धक्का लागला नाही. पण ज्या थंडीच्या भरवशावर जागा निवडली, तिचा भरवसा धरता येत नाही म्हणून बोगदा नव्याने, पाणी शिरणार नाही असा बांधावा लागला.

वर्गात करून पाहा

एका प्लास्टिकच्या डब्यात चिकणमातीचा चिखल भरा. त्यात चार पेन्सिली उभ्या रोवा, मात्र तळाला टेकू देऊ नका. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात डबा रात्रभर ठेवा. सकाळी पेन्सिलींवर पुठ्ठ्याचे छोटे घर आणि त्यावर थोडे वजन ठेवा. घर पक्के बसते. आता डबा टेबलावर ठेवून दर पंधरा मिनिटांनी घराच्या चारही कोपऱ्यांची उंची पट्टीने मोजा. चारही कोपरे एकदम खचतात का, की एक आधी? ओली रेती घेतली तर काय फरक पडतो? तापमापी आणि आलेखवही जवळ असू द्या.

मुले साहजिकच विचारतात, 'तिथे उणे किती?' तो आकडा जरूर सांगावा. पण नंतर त्यांना एवढे विचारायला लावावे, की तो आकडा शून्याच्या या बाजूला आला तर तिथे काय काय कोसळेल. खांबावरचे घर, खाडीवरचा रस्ता, उतारावरचे हिम, रेनडिअरचा चारा आणि डोंगराच्या पोटात ठेवलेली आपली ज्वारी, यांची यादी मुलांनी स्वतः केली, तर त्यांना पाण्याच्या गोठणबिंदूचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.